खाटेवरून दिसणारा टीव्ही

दिवाळी सरली की आमच्याकडची गावं ओस पडायला लागतात. मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची वर्दळ कमी होते, सकाळी चहाच्या कपावरची वाफ नीट दिसायला लागते, घोंगड्या उन्हात पडतात. वर्तमानपत्रातल्या दिवाळीच्या जाहिराती मात्र संपलेल्या नसतात. पान उलटावं तर टीव्ही. भिंतीएवढे टीव्ही, त्यात मोर, त्यात फुलं, त्यात कुठल्याशा परदेशी शहरातला निळा अंधार. ही पानं आली की माझं वाचणं थांबतं. बाकीच्यांना थंडी म्हटलं की हुरडा आठवत असेल, मला टीव्हीचं दुकान आठवतं.

यंदाही तसंच झालं. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. परवा तिथं शिकवणारी मैत्रीण पुस्तक परत करायला आली आणि टेबलावर वाकून म्हणाली, "तुम्ही मागं गावाकडं मोठा टीव्ही घेतला होता ना? मग सांगा बाई, ओलेड घेऊ का क्यूलेड? दुकानात गेलं की डोकं भणभणतं."

मी विचारलं, "बघणार कुठून?"

"कुठून म्हणजे? समोरून!"

मला हसू आलं. तिला वाटलं, मी तिची थट्टा करतेय. पण तो प्रश्न आम्हाला विचारायला शिकवणारा एक अख्खा हिवाळा माझ्या मागं होता, आणि तो पुस्तक परत करायच्या वेळात सांगून होण्यासारखा नव्हता.

माझे वडील, आप्पा, मेंढपाळ. आमचं घर धनगराचं. गाव मांजरसुंब्याच्या पुढं, डोंगराच्या उताराला. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण आप्पांचा जीव मेंढरांत. दिवसाउजेडी आडवे झालेले आप्पा मी लहानपणापासून कधी पाहिले नव्हते. अंगात ताप असला तरी ते दाराच्या चौकटीला टेकून बसत, काठी मांडीवर. झोप म्हणजे अंधार पडल्यावर करायची गोष्ट, असं त्यांचं साधं मत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक कोकरू उतारावरच्या कपारीत अडकलं. पावसानं दगड सैल झालेले. कोकरू वर आलं आणि आप्पा खाली गेले, पाठीवर. शेजारच्या शिवारातल्या लोकांनी त्यांना घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. तिथून जीपमध्ये आडवं टाकून अंबाजोगाईला, सरकारी दवाखान्यात. मी तिथं पोचले तेव्हा माझा भाऊ दत्ता खिडकीशी उभा होता आणि आई जमिनीवर बसून आप्पांच्या चपला पदरानं पुसत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मणक्याला तडा होता. "पण नसा वाचल्यात," ते म्हणाले. "पायाची बोटं हलतात, चिमटा कळतो. ऑपरेशन लागणार नाही. फक्त हाड जुळेपर्यंत उठायचं नाही, बसायचं नाही. आडवंच राहायचं. कूस वळवायची तीही दुसऱ्यानं धरून."

मी व्हरांड्यातल्या नळाशी जाऊन तोंड धुतलं आणि धुता धुता रडून घेतलं. सुटलो, एवढंच मनात होतं. आईनं तर तिथंच भिंतीकडं बघून हात जोडले. पण त्या सगळ्या बोलण्यातून आप्पांनी एकच शब्द उचलला होता, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. आडवंच.

आमच्या घराची पुढची खोली लांबट आहे. दार पुढच्या टोकाला. एका लांब भिंतीला आम्ही आप्पांची खाट लावली, अगदी दाराशेजारी, कारण ते म्हणाले, "मला दार दिसू द्या." पडल्या पडल्या त्यांना दारातून अंगण, लिंबाचं खोड आणि त्यापलीकडं डोंगराचा एक तुकडा दिसायचा. मेंढरं आईचा भाऊ, आमचा मामा, गोदाकाठाकडं चरायला घेऊन गेला होता. अंगणातला मेंढरांचा वाडा मोकळा पडलेला. वास तेवढा राहिला होता, लोकरीचा आणि लेंड्यांचा. वारा आला की तो खोलीत यायचा आणि आप्पा डोळे मिटून घ्यायचे.

एक दिवस दत्ता अंगणात मामाशी फोनवर बोलत होता. दत्ता बीडला शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवतो. शनिवारी-रविवारी तो गावी येई. तो म्हणाला, "मामा, आता आप्पांच्यानं काय ते व्हायचं न्हाई. चांगलं गिऱ्हाईक आलं तर कळप देऊन टाकू."

दार उघडंच होतं.

त्यानंतर आप्पांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, चिडणं नाही. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर तेही नाही. आई ताट घेऊन बसे. "दोन घास तरी खावा की. बाजरीची भाकर हाय, तुमास्नी आवडती." ते अर्धी भाकरी चिवडत आणि आईला खुणेनं कूस वळवायला सांगत. भिंतीकडं. दारही नको झालं होतं त्यांना.

दत्तानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "हाडाची मला काळजी नाही. माणूस खचला तर मात्र अवघड आहे. खाल्लंच नाही तर हाड जुळणार कशावर? त्यांचं मन रमेल असं काहीतरी बघा."

फोन ठेवून दत्ता ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, मोठा टीव्ही घेऊ."

टीव्ही घरात होता. छोटा, स्वयंपाकघरातल्या फळीवर. आई भाकरी थापता थापता मालिका ऐकायची. बघायची कमीच, कारण तव्याकडं लक्ष. आप्पांनी मात्र टीव्हीला कधी जवळ केलं नव्हतं. तरी मला दत्ताचं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं.

मग दत्ता अभ्यासाला लागला. जेवताना, आप्पांच्या पायाला तेल चोळताना, त्याच्या तोंडी दुसरा विषय नसे. चुलीपुढं बसून त्यानं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. "साध्या एलईडीत मागं दिवे असत्यात आन् पुढं पडदा. पडदा कितीबी लावला तरी थोडा उजेड गळतोच. म्हणून त्यातला काळा रंग करडा दिसतो. क्यूलेडमधी बी दिवेच, पण मधी रंगाचा येगळा थर. लई लख्ख. आन् ओलेडमधी मागं दिवाच न्हाई. एकेक ठिपका स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. त्यातलं काळं म्हणजे काळंच!"

आईनं भाकरी उलटली. "आन् बातम्या त्याच का?"

"बातम्या त्याच."

"मग राहू दे."

किती दिवसांनी आम्ही तिघंही हसलो. खोलीतल्या खाटेवरून मात्र काही आवाज आला नाही.

बीडला मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही गेलो. आज आठवलं तरी त्या दुकानातला गारवा आणि नव्या खोक्यांचा वास नाकाशी येतो. मालक मध्यमवयीन, गोड बोलणारा. त्यानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं, पडदा सोडला आणि ओलेड लावला. काळ्याभोर अंधारात मधाची धार पडत होती. मग रंगाचे फवारे, मग बेडकाचा डोळा, मग चांदण्यांनी भरलेलं आभाळ. दत्ता लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मीही. इतकं आभाळ मी गावाला गच्चीवर झोपून पाहिलं होतं, पण ते असं कुणी चौकटीत धरून दिलं नव्हतं.

दुकानात कधीच साधं शेत दाखवत नाहीत. ढगाळ दुपार, धुळीचा रस्ता, माणसाचा सावळा चेहरा दाखवत नाहीत. आणि दुकानात माणसाला नेहमी समोर उभं करतात, अगदी मधोमध. घरात मधोमध कोण बसतं? आमच्या घरात तर मधोमध जाण्यायेण्याची वाट आहे.

हे मला तिथं एकदम सुचलं असं नाही. बाहेरच्या दालनात क्यूलेड बघताना दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून मी बाजूला सरकले, आणि चित्र बदललं. समोरून रसरशीत लाल दिसणारी मिरची बाजूनं पाहिली तर पाण्यात भिजवून पिळल्यासारखी झाली. मी परत मध्ये गेले. लाल. बाजूला आले. फिकी.

"दत्ता, इकडं ये. इथून बघ."

त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. आमच्या खोलीत खाटेसमोरच्या भिंतीला स्वयंपाकघराचं दार आणि मोठं कपाट. टीव्हीला जागा उरते ती त्याच भिंतीच्या पार टोकाला. म्हणजे आप्पा तो तिरकाच बघणार. चांगलाच तिरका.

मालक म्हणाला, "ताई, बाजूनं कोन बघतंय? सोफा समोर टाकायचा."

"सोफा न्हाई हो, खाट हाय," दत्ता म्हणाला. "आन् ती हालत न्हाई. वडील पडून असत्यात. पाठीचं हाड मोडलंय."

मालकाचं हसू गेलं. त्यानं घड्या केलेलं एक मोठं खोकं आणलं आणि फरशीवर पसरलं. "मग सर, तुमी तितंच पडून बघा. लाजू नका. दुकान आपलंच हाय."

आणि माझा भाऊ, इस्त्रीचा शर्ट घातलेला, ज्याच्या वर्गात पोरं श्वास रोखून बसतात, तो बीडच्या भर बाजारात फरशीवर उजव्या कुशीवर आडवा झाला. मी पावलं टाकून आमच्या खोलीएवढं अंतर धरलं. मग मालकाला म्हटलं, आतला ओलेड बाहेर उजेडात लावून दाखवा, आमचं दार दिवसभर उघडं असतं. त्यानं तोही लावला. बाजूनं त्याचे रंग जराही हलले नाहीत, पण अंधाराचं दृश्य आलं की काचेत रस्त्यावरची मोटारसायकल दिसायची, समोरचं रसवंतीगृह दिसायचं, मी दिसायचे.

"यात तर सगळा बाजारच दिसतोय," मी म्हटलं.

मग मालकानं कोपऱ्यातला एक लावला. "हा बी एलईडीच, पण पडदा आयपीएस जातीचा. ह्यात काळं तेवढं काळं दिसनार न्हाई, खरं सांगतो. पण कुटूनबी बघा, रंग उतरनार न्हाई. आन् उजेडाला बी टिकतोय." चित्र लागलं. गवत. हिरवं गवत, तिरक्या नजरेलाही हिरवंच.

"दत्ता, दिसतंय का?"

त्यानं हात उशाशी घेतला.

"दत्ता?"

"दिसतंय." तो टीव्हीकडं बघत नव्हता, वर बघत होता. "आक्का, हितून छतच जास्त दिसतंय गं. आन् मानसांचे निस्ते पाय."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. मालक उगाच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. दत्ता तसाच पडून राहिला, हात उशाशी, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्याचं कपाळ हुबेहूब आप्पांसारखं आहे.

टेम्पोत टीव्ही चढवून आम्ही निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. ट्रकांची रांग, तळलेल्या मिरच्यांचा ठसका. दत्तानं कप हातात धरून विचारलं, "मेंढरं विकायचं बोलल्यालं आप्पांनी ऐकलं असंल का गं?"

"ऐकलंय."

त्यानं चहा तसाच ठेवला आणि मामाला फोन लावला. "मामा, मागं म्या बोललो ते इसरून जा. मेंढरं कुनालाच द्यायची न्हाईत. न्हाई... आप्पा येतील की. उठतील आन् येतील." आप्पा उठतील याची त्याला खात्री होती का, मला आजही ठाऊक नाही. पण त्यानं ते मोठ्यानं म्हटलं आणि माझ्या छातीवरचं काहीतरी हललं.

घरी आल्यावर त्यानं टीव्ही लावायच्या आधी खाटेशी बसून आप्पांना ते सांगितलं. "आप्पा, मेंढरं इकायची न्हाईत. मामाला सांगितलंय." आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या काळ्या पाटीकडं पाहिलं. म्हणाले, "आन् हे कशाला?"

कित्येक दिवसांतले ते त्यांचे पहिले शब्द. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेली. आतून तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

टीव्हीनं लगेच काही जादू केली नाही. बातम्या, कुस्ती, कीर्तन, सगळं लावून झालं. आप्पा कधी बघत, कधी दारातून बाहेर. पण आता भिंतीकडं तोंड करणं थांबलं होतं. मी सुट्टी वाढवून घेतली होती. दुपारच्या उन्हाचा पट्टा दारातून आत येई, पडद्यापर्यंत पोचे, तरी चित्र दिसत राही, आणि मला उगाच समाधान वाटे, जणू तेवढं एक तरी आम्ही बरोबर केलं.

अशाच एका दुपारी दत्तानं कुठलासा परदेशी कार्यक्रम लावला. लांबच लांब गवताळ पठार, घोड्यावरची माणसं, जाड शेपटीची मेंढरं. आम्ही तिघं शेंगा फोडत बसलो होतो. निवेदन इंग्रजीत होतं, कुणाचंच लक्ष नव्हतं.

"ते मागचं लंगडतंय."

आम्ही माना वर केल्या.

"कोन लंगडतंय?" आई म्हणाली.

"मेंढरू. मागून तिसरं. पुढचा डावा पाय टेकवंना." आप्पांनी एक हात वर केला होता, बोट पडद्याकडं. "दत्ता, मागं घे ते. मागं जातंय का?"

दत्तानं मागं घेतलं. शंभर-दीडशे पांढऱ्या पाठी हलत होत्या. त्यात एक खरंच लंगडत होतं.

"आन् त्या येड्याचं ध्यान न्हाई. घोड्यावर बसल्यावर कसं दिसंल? मेंढरामागं पायी चालावं लागतं." आप्पा तावातावानं बोलत होते. "कुत्रं बी दिसंना ह्यांच्याकडं. लांडगा आला तर काय करत्यात बे?"

आप्पांच्या तोंडचा तो जुना 'बे' इतक्या दिवसांनी ऐकून दत्ता एवढ्या जोरात हसला की शेंगांचं सूप उलटलं. आईनं विचारलं, "भाकर देऊ का?" आणि आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "दे. ठेचा बी आण."

तो घास मला आठवतो. पडल्या पडल्या आईच्या हातून खाताना त्यांच्या मिशीला ठेचा लागला आणि त्यांनीच तो जिभेनं चाटून घेतला. दवाखान्यात 'नसा वाचल्यात' ऐकून जेवढं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं, तेवढं त्या चाटण्यानं वाटलं.

मग खोली भरायला लागली. तोडीला गेलेल्या घरांत म्हातारी माणसं मागं राहिली होती. ती दुपारी येऊन बसत. कुणी उंबऱ्यात, कुणी कोठीला टेकून, कुणी खाटेच्या पायथ्याशी. ज्याला जिथं जागा मिळेल तिथून. सगळ्यांना सारखं दिसायचं. आप्पा आडवे पडून पंचाईत करायचे, कुठल्या देशात गवत चांगलं, कुठलं मेंढरू लोकरीचं, कुठलं नुसतं दिखाऊ. बोलता बोलता त्यांच्या गालावर मांस आलं.

पुढच्या एक्स-रेला त्यांना आडवंच गाडीत घालून नेलं. डॉक्टर फोटो बघून हसले. "जुळलं. आता पट्टा बांधून बसा, मग वॉकर धरून उभं राहा." येताना गाडीत आई सारखी खिडकीबाहेर बघून हसत होती, आणि आम्ही विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, ऊन चांगलं पडलंय."

तरी एक भीती राहिलीच होती. आप्पा वॉकर सोडत नसत. कड्याकपारी चढणारा माणूस, पण सपाट फरशीवर त्यांचे पाय थरथरत. "पाय माझं न्हाईत, असं वाटतंय," एकदा ते मला हळूच म्हणाले. डॉक्टर म्हणत, ताकद आहे, धीर नाही. तो कसा द्यायचा, ते कुणाला सांगता येत नव्हतं. आम्ही म्हणायचो, सोडा की हात, आम्ही आहोत ना. त्यानं ते अजूनच घट्ट धरत.

आज आप्पा पुन्हा मेंढरांमागं आहेत. पूर्वीइतके लांब जात नाहीत, पट्टा बांधतात, संध्याकाळी लवकर परततात. पण जातात. थंडी आली की मी त्यांना फोन करून उगाचच विचारते, "आप्पा, काय करताय?" आणि पलीकडून उत्तर येतं, "हिंडतोय." त्या एका शब्दासाठीच तो फोन असतो.

आणि त्या शब्दासोबत मला ती एक संध्याकाळ आठवते. भाकऱ्या लवकर आटपून आई खोलीच्या मधोमध बसली होती. तिची मालिका आता ती या मोठ्या पडद्यावर, पदर खोचून, मन लावून बघायची. नायिकेला कुणीतरी काहीतरी सांगणार होतं. दत्ता पेपर तपासत होता, मी लसूण सोलत होते. तेवढ्यात पडद्यासमोर कुणीतरी आडवं आलं.

"आवं, सरका की! दिसंना मला," आई वैतागून म्हणाली.

आप्पा टीव्हीच्या कडेला लागलेलं जाळं बोटानं काढत होते. "सरकलो," म्हणत ते एक पाऊल बाजूला झाले. "आता दिसतंय का?"

माझा हात लसणावर थांबला. दत्तानं पेपरातून मान वर केली. वॉकर खाटेशी उभा होता. त्याच्यापासून आप्पांपर्यंत मोकळी फरशी होती, आणि ती ते चालून गेले होते.

आईनंही पाहिलं. नायिका रडत होती, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. आईचे डोळे भरून वाहायला लागले, पण आवाज तिनं होता तसाच ठेवला.

"न्हाई दिसत," ती म्हणाली. "आजून सरका."